मधली पाच वर्षं



लक्ष्मीबाई टिळकांविषयी बोलायला जो उभा राहतो, त्याचं निम्मं काम श्रोत्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला एखादा उतारा बहुतेकांनी शाळेत वाचलेला असतो. विजया मेहतांच्या चित्रपटातली सुहास जोशींची लक्ष्मीबाई अनेकांच्या डोळ्यांसमोर असते. आणि आपण तर नाशिकचे. इथून गोदावरीच्या काठाकाठानं थोडं वर गेलं की जलालपूर. तिथे १८६८ साली या बाई जन्मल्या. त्यामुळे त्यांचं नाव निघालं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येतं, घरातल्या लाडक्या, फटकळ आत्याचं नाव निघावं तसं. हे प्रेम खरं आहे. मराठीत फार थोड्या लेखकांच्या वाट्याला ते आलं आहे, आणि लक्ष्मीबाईंनी ते पुरेपूर कमावलेलं आहे.

आज मला मात्र त्यांच्या आयुष्यातल्या अशा एका तुकड्याबद्दल बोलायचं आहे, जिथे आपण वाचताना पावलं जरा भरभर उचलतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांच्या पतीनं, नारायण वामन टिळकांनी, मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली, राहुरीला. मध्ये पाच वर्षं गेली. या पाच वर्षांची गोष्ट आपण साधारणपणे ताटातुटीची गोष्ट म्हणून सांगतो: नवरा धर्म सोडून गेला, बायको रडली, शेवटी त्याच्याकडे गेली, सगळं गोड झालं. ही गोष्ट मला अपुरी वाटते. माझं म्हणणं असं की आपल्याला माहीत असलेली लक्ष्मीबाई, ती लिहिणारी, नवऱ्यावर जीव टाकणारी आणि त्याच्याबद्दल काडीचंही खोटं न लिहिणारी बाई, या पाच वर्षांत घडली. तिथून पुढच्या आयुष्याकडे आणि पुस्तकाकडे पाहिलं तर बऱ्याच गोष्टी वेगळ्या दिसतात.

सुरुवात जलालपूरपासून करू या, कारण लक्ष्मीबाईही तिथूनच करतात. त्यांच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर. सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत इंग्रजांनी त्यांना फासावर चढवलं. त्या प्रसंगाचा धसका त्यांच्या जावयानं, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी, असा घेतला की तो जन्मभर उतरला नाही. त्या धसक्यानं सोवळ्याचं रूप घेतलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची. बाजारातून आलेलं धान्य धुवायचं, इतकंच काय, मीठसुद्धा धुवायचं. पोरांनी कुठे हात लावायचा, कुठे नाही, कोणाची सावली चालते, कोणाची चालत नाही, याचे नियम रोज नव्यानं निघत. लक्ष्मीबाई हे सगळं इतक्या खेळकरपणे सांगतात की वाचणारा पोट धरून हसतो. मीही हसलो आहे. पण एकदा फाशीचा तो पहिला प्रसंग ध्यानात ठेवून ती पानं पुन्हा वाचा. सरकारनं घरातला कर्ता माणूस उचलून नेला आणि मारला. त्यानंतर त्या घरातला एक पुरुष जगाला आपल्या उंबऱ्याबाहेर ठेवण्यासाठी धुणं काढून बसला आहे, आणि त्या पाण्यात त्याची बायको आणि पोरं गारठत आहेत. सोवळ्याच्या पोटात भीती असते, हे लक्ष्मीबाईंना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. त्या भीतीच्या घरातच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे.

लग्न झालं १८८० साली. मुलगी अकरा-बारा वर्षांची, मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा. माहेरचं नाव मनकर्णिका, घरात मनू. सासरी लक्ष्मी झाली. नवरा रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, बुद्धीनं विलक्षण, संस्कृतात तयार, बोलायला उभा राहिला की सभा जिंकणारा, कविता करणारा, आणि संसाराच्या दृष्टीनं पाहिलं तर कुठेच न टिकणारा. आज शाळामास्तर, उद्या आणखी काही. आज या गावी, उद्या त्या गावी. कधी न सांगता निघून जायचा. पैसा हाती आला की कोणाला तरी देऊन मोकळा व्हायचा. राग आला तर डोकं फिरायचं, आणि राग उतरला की लहान मुलासारखं रडायचं. बायकोला लिहा-वाचायला त्यांनीच शिकवलं, पण तेही लहर लागेल तेव्हा. लक्ष्मीबाईंनी शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही.

पुढे टिळक नागपूरला गेले. तिथे आप्पासाहेब बुटींसारखा धनिक आणि विद्येची कदर करणारा आश्रयदाता मिळाला. वेदवाङ्मयाचं काम, ‘ऋषि’ नावाचं मासिक, असे बरेच उद्योग झाले. वरवर पाहता आता घर बसेल असं वाटावं. पण टिळकांच्या मनात धर्माबद्दल मोठी खळबळ चालली होती. राजनांदगावच्या प्रवासात रेल्वेच्या डब्यात एका अमेरिकन मिशनऱ्याची गाठ पडली, त्यांनी नवा करार हाती दिला, आणि टिळक वाचत गेले. या साऱ्या वर्षांत लक्ष्मीबाईंच्या पदरी काय होतं? मुलं झाली आणि गेली. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा हाती लागला. नवऱ्याच्या मनात काय चाललं आहे याची कुणकुण होती, पण विचारात त्यांना कोणी घेतलं नव्हतं. बाप्तिस्मा घेताना टिळकांनी बायकोला विचारलं नाही. याचा सल लक्ष्मीबाईंच्या लेखनात शेवटपर्यंत राहिला, आणि तो राहायलाच हवा होता.

त्या काळात हे पाऊल केवढं होतं याचा अंदाज यावा म्हणून एक शेजारची घटना सांगतो. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या काही प्रतिष्ठित मंडळींना चहा दिला गेला. गोपाळराव जोशींनी, डॉ. आनंदीबाईंच्या पतीनं, हजर असलेल्यांची नावं छापून आणली. तेवढ्यावरून खटलं शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. मिशनऱ्याच्या घरच्या एका कप चहासाठी ही शिक्षा. त्यानंतर पाचच वर्षांनी एक चित्पावन कवी उघडपणे ख्रिस्ती झाला, आणि त्याची सव्वीस-सत्तावीस वर्षांची बायको तीन-चार वर्षांचा मुलगा घेऊन मागे उरली.

तिची जागा आता कुठली? नवरा जिवंत आहे, त्यामुळे ती विधवा नाही. कपाळावर कुंकू आहे. पण ज्या नवऱ्याच्या नावाचं कुंकू, तो जातीच्या हिशेबानं मेल्यातच जमा. धर्मकृत्यात तिचं स्थान काय, कोणाच्या पंगतीला तिनं बसायचं, तिच्या मुलाची मुंज कोण लावणार, या प्रश्नांची उत्तरं शास्त्री देऊ शकत नव्हते आणि शेजारणी मात्र रोज देत होत्या. मुलाच्या बाबतीत तर जीव टांगणीला. कायद्यानं मुलावर बापाचा हक्क. उद्या तो येऊन दत्तूला घेऊन गेला तर हिनं काय करायचं होतं?

कायद्याचं नाव निघालं आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ख्रिस्ती झालेल्या माणसाची बायको (किंवा नवरा) धर्मांतराच्या कारणानं नांदायला येत नसेल, तर कोर्टात जाऊन ते लग्न रद्द करून घेण्याची तरतूद सरकारनं १८६६ सालच्या एका कायद्यानं केलेली होती. म्हणजे टिळकांपुढे वाट मोकळी होती. अर्ज करायचा, ठरलेली मुदत जाऊ द्यायची, आणि नव्या धर्मात नवा संसार थाटायचा. टिळकांनी ते केलं नाही. ते पत्रं लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. बायकोला न विचारता केवढा मोठा निर्णय घेणारा हा माणूस, तिच्या निर्णयाच्या बाबतीत मात्र घाई करत नाही. टिळकांच्या चरित्रात मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट हीच आहे, कवितेहूनही मोठी. त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आपण ओळखतो. या थांबण्याबद्दल त्यांना कोणी ओळखत नाही.

आता लक्ष्मीबाईंकडे येऊ. त्या कोलमडल्या, हे त्यांनीच लिहिलं आहे. नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या, काही काळ पंढरपूरला काढला. त्या शोकातच त्या ओळी जुळवू लागल्या. रडू आवरेना तेव्हा ते पद्यात मांडायचं, असं काहीतरी त्यांच्या हाताला लागलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कवी नवरा घरात असताना या बाईला कविता करण्याचं काही कारण नव्हतं. घरात शब्दांचा पुरवठा एकाच माणसाकडून होत होता आणि तो भरपूर होता. तो माणूस गेला आणि घर मुकं झालं, तेव्हा हिला कळलं की आपल्याजवळही शब्द आहेत. ज्या लेखिकेचं आपण आज एवढं कौतुक करतो तिची सुरुवात कुठे झाली असं मला कोणी विचारलं, तर मी पंढरपूरच्या त्या दिवसांकडे बोट दाखवीन.

आणि त्यांनी सोवळं सोडलं नाही. इथे मी मघाचा मुद्दा परत घेतो. ज्या मुलीनं बापाच्या सोवळ्याचा जाच अंगावर काढला, ती मोठेपणी सोवळ्याला इतकी घट्ट का धरून बसली? काही अभ्यासक याला संस्कारांची पकड म्हणतात. ते खरंच आहे, पण तेवढंच नाही असं मला वाटतं. त्या वेळी तिच्या मालकीचं दुसरं काय उरलं होतं? घर गेलं, नवऱ्याचं नाव समाजातून गेलं, मूल कोणत्या क्षणी जाईल याचा नेम नाही. स्वतःचं म्हणावं असं एकच उरलं होतं: आपण कोणाच्या हातचं खायचं, कोणतं पाणी प्यायचं, हे ठरवणं. बापानं भीतीपोटी धरलेली गोष्ट लेकीनं स्वाभिमानापोटी धरली. पुढे त्या नगरला टिळकांजवळ येऊन राहू लागल्या तेव्हाही चूल वेगळी, पाणी वेगळं. नवऱ्याशी बोलायचं, त्याची काळजी घ्यायची, त्याच्याशी भांडायचं, पण त्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही. लग्नाच्या नात्याची अशी मांडामांड आपल्याकडे त्याआधी कोणी केली असेल असं मला वाटत नाही. आणि टिळकांनी ती मान्य केली.

पतिव्रतेच्या पोथीप्रमाणे लक्ष्मीबाईंना १८९५ सालीच नवऱ्याकडे जायला हवं होतं. नवरा जिथे, तिथे बायको. बिरादरीच्या पोथीप्रमाणे त्यांनी त्याला कायमचं टाकायला हवं होतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्या नवऱ्याजवळ गेल्या, पण त्याच्या धर्मात गेल्या नाहीत. नंतर हळूहळू, स्वतःच्या डोक्यानं, त्यांनी जातीचा विचार केला. देवानं माणसं केली, जाती माणसांनी केल्या, हे त्यांचं त्यांना उमगलं, आणि ज्या दिवशी उमगलं त्या दिवशी त्यांनी विटाळ टाकला. मग बाप्तिस्मा. या क्रमाकडे लक्ष द्या. आधी जात गेली, मग धर्म आला. टिळकांच्या वाटेनं त्या चालल्या असत्या तर क्रम उलटा झाला असता: टिळकांना ग्रंथ भेटला, ख्रिस्त भेटला, आणि त्यातून बाकीचं. लक्ष्मीबाईंना आधी माणसं भेटली. एकाच ठिकाणी पोचलेली ही दोन माणसं दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी आली, आणि म्हणूनच पुढच्या संसारात ती एकमेकांना तोडीस तोड राहिली.

तो पुढचा संसार आपल्याला ठाऊक आहे, म्हणून मी त्यावर रेंगाळत नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला, आणि अनाथ मुलं त्या घरात आली ती घरचीच झाली. प्लेग आला तेव्हा लक्ष्मीबाई रोग्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. ज्या हातांनी पूर्वी दुसऱ्याचा स्पर्श टाळला, त्याच हातांनी आता प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा होत होती. पैसा कधी पुरला नाही, कारण टिळकांचा हात तसाच सैल होता.

बालकवींबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. कर्नल कीर्तिकर अध्यक्ष होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या कोवळ्या मुलानं तिथे कविता म्हटली आणि बालकवी ही पदवी घेऊन तो परतला. पुढे टिळक दांपत्यानं त्याला नगरला आपल्या घरी नेलं. हळवा, अबोल, मनानं सतत कुठेतरी भटकणारा मुलगा. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. तो मुलगा ब्राह्मणाचा आणि घर ख्रिस्ती धर्मोपदेशकाचं, तेव्हा गावात कुजबुज झाली नसेल असं नाही. पण बालकवी त्या घरात राहूनही आपल्याच धर्मात राहिले. ज्या बाईला स्वतःला पाच वर्षं मिळाली होती, तिच्या घरात दुसऱ्याच्या मुलावर दडपण येणं शक्यच नव्हतं, असं मला वाटतं. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. ‘स्मृतिचित्रे’तला ‘ठोमरे’ हा मराठी कवितेच्या इतिहासातल्या बालकवींहून मला जास्त जवळचा वाटतो, कारण तो एका आईच्या नजरेतून दिसतो. त्याच्या खोड्या, त्याचं रुसणं, त्याचं जेवणं, हे इतिहासकाराला कुठून मिळणार?

बालकवी जाण्याच्या एक वर्ष आधी, १९१७ साली, टिळकांनी पुन्हा एकदा आपल्या मनानं एक मोठं पाऊल उचललं. अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीनं राहायचं ठरवलं, आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. जातपात, पंथ, परदेशी मिशनचं ओझं यांच्या पलीकडचा ख्रिस्तभक्तांचा एक मेळा त्यांना उभा करायचा होता. कल्पना उदात्त होती. पण लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या उंबऱ्यावर होत्या, आणि नवऱ्यानं पगार, घर, स्थैर्य सगळं दुसऱ्यांदा सोडलं होतं. या वेळी त्या मोडल्या नाहीत. पहिल्या खेपेला जे शिकल्या होत्या ते कामी आलं असणार. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळक गेले.

आता त्या एकट्या. इथून पुढची सतरा वर्षं त्यांनी ज्या ताकदीनं काढली, ती पाहून थक्क व्हायला होतं. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करण्याची नोकरी केली. नंतर मुलाबरोबर, दत्तू म्हणजे देवदत्तबरोबर, कराचीला गेल्या. आणि त्याच्या आग्रहावरून आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या.

या पुस्तकाबद्दल मला आज एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. मराठीत थोर पुरुषांच्या बायकांनी लिहिलेल्या आठवणींची एक परंपरा आहे, आणि ती आपलं मोठं धन आहे. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली आलं. त्या पुस्तकात न्यायमूर्तींविषयी जी भक्ती आहे तिच्यापुढे मान लवते. पण रमाबाईंचा डोळा सदैव खालून वर पाहतो. गुरूकडे शिष्येनं पाहावं, तसा. ‘स्मृतिचित्रे’त हा कोन बदलतो. लक्ष्मीबाई टिळकांकडे समोरून पाहतात. त्यांचा रागीटपणा, त्यांचं न सांगता निघून जाणं, त्यांचा भोळेपणा, त्यांचं मन मोडणारं आणि मन जिंकणारं वागणं, सगळं एकाच सुरात येतं. आणि स्वतःचा हट्ट, स्वतःचा आडमुठेपणा, स्वतःची जीभ, यालाही त्या तेवढीच जागा देतात. टिळक त्या पानांतून महापुरुष म्हणून आपल्यासमोर येत नाहीत. माणूस म्हणून येतात, आणि म्हणून त्यांच्यावर आपलं प्रेम बसतं. हे प्रेम बसवण्याचं काम त्यांच्या कवितेनं जितकं केलं त्याहून जास्त त्यांच्या बायकोनं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे त्यांना कसं साधलं? त्यांचा स्वभाव मोकळा होता, विनोदबुद्धी जबरदस्त होती, भाषा बोलघेवडी होती, ही सगळी उत्तरं बरोबर आहेत. पण स्वभाव मोकळा असलेल्या बायका त्या काळी घरोघर होत्या. मला वाटतं की ज्या माणसापासून आपण एकदा पूर्ण तुटलो, ज्याच्यावाचून जगायला शिकलो, आणि मग स्वतःच्या पायांनी ज्याच्याकडे परत आलो, त्याला देव्हाऱ्यात बसवण्याची गरज उरत नाही. त्याच्याशिवाय आपलं काय होईल, ही भीती संपलेली असते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना ती भीती आयुष्यभर पुरली. लेकीनं ती पाच वर्षांत संपवली. ‘स्मृतिचित्रे’त जो मोकळेपणा आहे त्याच्यामागे हे आहे. त्या हसतात तेव्हा त्यात माफी असतेच असं नाही. नीट वाचलं तर दिसतं की टिळकांनी जिथे चूक केली तिथे त्यांनी एकही शब्द मागे घेतलेला नाही. फक्त त्या चुकीसकट त्यांचं प्रेम आहे.

आपण मात्र लक्ष्मीबाईंच्या बाबतीत असं वागलो नाही. आपण त्यांना आपापल्या सोयीनं वाटून घेतलं. बहुसंख्य मराठी वाचकांनी त्यांचा विनोद घेतला, सोवळ्याच्या गमती घेतल्या, आणि त्यांचा ख्रिस्तीपणा पुस्तकाचा एक अपघाती तपशील असावा तसा बाजूला ठेवला. धर्मांतराची पानं वाचताना अजूनही आपल्यातल्या पुष्कळांना अवघडल्यासारखं होतं. दुसरीकडे ख्रिस्ती समाजात त्यांची प्रतिमा भक्त स्त्रीची, टिळकांच्या सहधर्मचारिणीची. तिथे पाच वर्षांचा तो नकार जरा अडचणीचाच ठरतो. दोन्हीकडे लाडकी असलेली ही बाई दोन्हीकडे अर्धीच ओळखली जाते. जिनं आपल्या माणसाची आठवण गुणदोषांसकट जपली, तिची आठवण आपण अशी चाळणीतून गाळून ठेवावी, हे मला रुचत नाही.

आणि म्हणूनच शेवटी मला ‘ख्रिस्तायना’बद्दल बोलायचं आहे. टिळकांनी ख्रिस्ताचं चरित्र ओवीत लिहायला घेतलं होतं. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात शुभवर्तमान आणायचं, ही त्यांची जिद्द. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले आणि काम राहिलं. लक्ष्मीबाईंनी त्यापुढे चौसष्ट अध्याय लिहिले. चौसष्ट. शाळेत कधी न गेलेल्या, विधवा झालेल्या, पोटासाठी नोकऱ्या केलेल्या बाईनं, म्हातारपणी. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. आपण त्याला टिळकांचं अपुरं काम पत्नीनं पुरं केलं असं म्हणतो, आणि पुढे जातो. सहा पट भाग जिनं लिहिला तिला पुरं करणारी म्हणायचं का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. नवऱ्याचा ग्रंथ समोर ठेवून ही बाई त्याच्या पाठोपाठ चालली, असं समजून आपण तो ग्रंथ बाजूला ठेवला आहे. तो तिचा आहे. जिनं १८९५ पासून १९०० पर्यंत एक एक पाऊल स्वतः तपासून टाकलं, तिनं त्या पाच वर्षांत जो ख्रिस्त मिळवला त्याची ही ओवी आहे. मराठी साहित्याच्या अभ्यासात बाईनं लिहिलेल्या दीर्घ काव्यांचा विचार होतो तेव्हा ‘ख्रिस्तायन’ त्यात दिसत नाही. कथाकाव्य, ओवीची परंपरा, स्त्रीची भक्तिकविता, या तिन्ही ठिकाणी त्याची जागा आहे.

संयोजकांकडे एक मागणी करतो. या व्यासपीठावरून ‘स्मृतिचित्रे’वर बोलणारे पुष्कळ येऊन गेले असतील आणि यापुढेही येतील. पुढच्या वर्षी एक संध्याकाळ ‘ख्रिस्तायना’साठी ठेवा. व्याख्यान नको, वाचन ठेवा. आधी टिळकांचा एक अध्याय वाचा आणि लगेच लक्ष्मीबाईंचा. ओवी वाचणारे, कीर्तन करणारे, चर्चमध्ये गाणारे, सगळ्यांना एकत्र बोलवा. नाशिकमध्ये ते सहज जमेल. मी ऐकायला येईन.